बसाप्पाची तंबाखू

आमची आक्का माणसांशी मराठीत भांडायची आणि थडग्याशी कन्नडमध्ये बोलायची. जांबोटीच्या पुढं डोंगरात, बंद पडलेल्या खाणीच्या गावात ते थडगं आहे. दर अमावस्येला ती बेळगावहून बसनं जायची, थडग्यावरचं गवत उपटायची, भाकरी ठेवायची. मग कमरेची चंची सोडून निपाणीची तंबाखू चुन्यात मळायची आणि चिमूटभर दगडावर ठेवून म्हणायची, "तगो, बसाप्पा." म्हणजे, घे.

आक्का माझी आत्या. कॉलेजात असताना एकदा तिच्याबरोबर गेलो आणि विचारलं, "हा बसाप्पा कोण?"

"तुझा पणजा हितं मुकादम. त्या दिवशी पाळी त्याची. पर आदल्या दिवशी फणस हाणलेला, पोट धरून पडला. बदली बसाप्पा आत गेला आणि वरनं डोंगर बसला."

"आणि पणजोबा?"

"त्यो आणिक लई वर्सं फणस खात जगला. पर दर अमावस्येला हितं यायचा, मला खांद्यावर घेऊन. मरताना म्हणाला, पोरी, तंबाखू चुकवू नको."

पुढं आमच्या घराण्यात वकील, प्राध्यापक, इंजिनिअर झाले. कमतरता राहिली ती फक्त थोर पूर्वजाची. कुलसंमेलन ठरलं, कुलवृत्तांत काढायचं ठरलं, आणि मी मराठीचा मास्तर, शिवाय नाही म्हणता न येणारा, म्हणून संपादक झालो. माझे वकील चुलते आप्पा म्हणाले, "थडगं आयतंच आहे की. कामाला लाव." मी लिहिलं: चाळीस मजुरांना वाचवताना पणजोबांनी प्राण दिले. चाळीस हा आकडा मंगल कार्यालयात चहा पिताना ठरला. 'आजन्म निर्व्यसनी' ही भर माझी.

थडग्यावर पणजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी बसली. अनावरणाला सगळं घराणं दोन बसा करून आलं. आप्पांचं भाषण रंगात आलं असताना पुढच्या खुर्चीवरून आक्का मोठ्यांदा म्हणाली, "अरं, आपल्यात जाळत्यात न्हवं? मग हितं पुरलेला ह्यो कोण?"

एवढे शिकलेले लोक, पण हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. आप्पा हसून म्हणाले, "आक्काला ऊन लागलंय." माईक माझ्या हातात होता. खरं मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "हो, ताक द्या तिला."

परतताना ती म्हणाली, "तू तरी बोलायचास रं."

"दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतो, आक्का. बसाप्पाला कुठं वाचता येत होतं?"

"त्याला न्हवतं येत. मला येतंय."

त्यानंतर ती पिशवीत एक फडकं नेऊ लागली. आधी पाटी झाकायची, मग तंबाखू ठेवायची. दुसरी आवृत्ती निघाली नाही. या पावसाळ्यात आक्का गेली. आपल्या रीतीप्रमाणे तिला जाळलं. तिच्या उशाखाली चंची सापडली आणि घडी घातलेलं ते फडकं.

संमेलनाच्या यंदाच्या अंकासाठी आप्पांनी मला आक्कावर चार चांगले शब्द मागितले. ते हे. गेल्या अमावस्येला पाथरवटाला घेऊन गेलो होतो. संगमरवरी पाटी सध्या माझ्या जिन्याखाली आहे, ज्याला हवी त्यानं न्यावी. थडग्यावर आता बसाप्पा एवढंच कोरलं आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये. त्याचं आडनाव आक्कालाही माहीत नव्हतं.

संमेलनाला याल तेव्हा हार आणू नका. तंबाखू आणा. चुना मी आणतो.