मनालीचे आचारीकाका

आचारीकाकांना गोष्ट फुगवता येत नसे. एवढा मोठा दोष असूनही आख्खं डब्लिन त्यांच्याभोवती बसायचं, हे मला आजही सहन होत नाही. आख्खं डब्लिन म्हणजे आम्ही चौदा मराठी घरं, पण गर्दी ती गर्दीच.

ते येण्याआधी ही गर्दी माझी होती. पोटासाठी मी औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर होतो. खरी नोकरी रविवारच्या एकत्र जेवणानंतर सुरू व्हायची. माझा हुकमी विषय मनाली. लग्नानंतर मी आणि हेमा एका मराठी टूरबरोबर तिथे गेलो होतो, आणि तिथून मी इतका बर्फ आणला होता की डून लेरीच्या बंदरात मावला नसता. रोहतांगच्या खिंडीत मी गळ्यापर्यंत रुतलो, एका याकनं मला शिंगांवर उचलून बाहेर काढलं, आणि निरोप घेताना त्या याकचे डोळे भरून आले. माझ्या गोष्टींतलं हेमा कधी खोडत नसे. ती खिडकीबाहेर बघायची.

दोन हजार दहाच्या ऑक्टोबरात आमच्यातल्याच सुषमाचे आई-वडील तिच्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून तीन महिने आले. काकू बाळात रमल्या, काका आमच्यात. पहिल्याच रविवारी कुणीतरी विचारलं, काय करायचात? काका म्हणाले, टूरचा आचारी. बावीस उन्हाळे मनालीला. माझ्या हातातला जिलबीचा तुकडा तिथेच थांबला.

काकांचं मनाली चुलीपासून सुरू व्हायचं आणि चुलीपाशीच संपायचं. त्या उंचीवर वरण लवकर शिजत नाही, पीठ आंबत नाही, आणि हिमालय बघून आलेल्या मराठी माणसाला पहिली आठवण पिठल्याची येते. मणिकर्णला गरम पाण्याच्या कुंडात कापडात बांधलेले तांदूळ सोडले की भात होतो, हे त्यांनी एकदा जाऊन पाहिलं होतं. "देवानं शेगडी पेटवून ठिवलीया, आपन फकस्त तांदूळ न्यायचं," एवढंच ते म्हणाले. मी त्या कुंडात एकदा हत्ती उकडताना पाहिला होता. पण त्या दिवशी माझ्या हत्तीकडे कुणी मान वळवली नाही.

देवदारांच्या रानातल्या हिडिंबेच्या देवळात ते दर सीझनच्या पहिल्या दिवशी नारळ द्यायचे. का, तर म्हणे, "ती आमच्या धंद्यातल्या मान्साची बायको. भीम विराटाकडं आचारीच व्हता न्हवं." लोक हसले, आणि हसणं संपल्यावर परत हसले. दहा वर्षं गप्पा मारून मला हे सुचू नये?

नोव्हेंबरातल्या एका रविवारी काका मिरचीची भजी वाढत होते. माझ्यापाशी थांबले, वाकले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमास्नी सोसंल का आता? त्या टायमाला लई हाल झालते."

म्हणजे ते आमच्याच टूरवर होते. तीन दिवस मी पोट बिघडून हॉटेलच्या खोलीत आडवा होतो. हेमा ग्रुपबरोबर रोहतांगला जाऊन आली, आणि मी खोलीत बसून मऊ भात खाल्ला. तो भात पायऱ्या चढून आणणारा माणूस आता भजीचं ताट घेऊन समोर उभा होता. मी एक भजं उचललं. ते पुढे गेले.

त्यानंतर प्रत्येक रविवारी मी वाट बघत होतो. त्यांनी एक वाक्य बोलायचा अवकाश, माझा याक, माझा बर्फ, माझी गादी सगळं गेलं असतं. ते बोलले नाहीत. मी मुद्दाम त्यांच्यासमोर याकचा किस्सा सांगितला, तेव्हाही शांतपणे कांदा चिरत राहिले. इतकं गप्प राहणं मला जन्मात जमलं नसतं. त्याचाही हेवा वाटला.

डिसेंबरात आयर्लंडला न झेपणारा बर्फ पडला. डार्ट, म्हणजे इथली लोकल, रखडत होती, दुकानांतला पाव संपला होता, आणि शेजारचा आयरिश म्हातारा घसरून बसल्या बसल्या "ग्रँड, ग्रँड", म्हणजे सगळं ठीक आहे, म्हणत होता. तशातही काकांच्या निरोपाच्या जेवणाला चौदाच्या चौदा घरं आली. कुणीतरी विचारलं, काका, रोहतांगला वर असंच दिसतं का हो?

"म्या वर कवा गेलोच न्हाई," काका म्हणाले. "मंडळी पहाटं जायची. ती माघारी यायच्या आत आमी तेल तापवायचं."

बावीस उन्हाळे पायथ्याशी! खोलीत कुणी हसलं नाही. सुषमानं बापाच्या पाठीवर हात ठेवला. माणूस "नाही गेलो" म्हणतो आणि त्यालाही एवढी माया मिळते! मग सगळे माझ्याकडे वळले: तू सांग, तू तर गळ्यापर्यंत होतास. काका ताटाकडे बघत राहिले. खरं बोलण्यातही हा माणूस माझ्यापुढे जातो, हे मला बघवेना.

"मीही नाही गेलो," मी म्हणालो. "आजारी होतो. हेमा गेली होती. तिला विचारा."

हेमानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बोलायला लागली. भाड्याचे गमबूट दोन नंबर मोठे होते. वर पोचल्यावर नुसता ढग. तो सरकला तेव्हा सगळे बर्फात लोळत होते, म्हणून ती एकटीच कडेपर्यंत गेली. पलीकडे दुसरंच खोरं होतं, मातीच्या रंगाचं, उघडं. एक झाड नाही. "आपल्या बाजूला एवढं हिरवं, आणि पाठीमागे हे," ती म्हणाली. "कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. शेजारी कुणी नव्हतं."

काका पुढे सरकून बसले होते. माझी एकही गोष्ट त्यांनी तशी ऐकली नव्हती. "म्हंजे मागल्या अंगाला झाडच न्हाई?" त्यांनी विचारलं. "लोक नुसतं बर्फाचंच सांगायचे, बाई."

दोन दिवसांनी ते गेले. सुषमा सांगते, गावी कुणी मनालीचा विषय काढला की काका आता त्या उघड्या खोऱ्यापासून सुरुवात करतात. सांगताना हेमाचं नाव घेतात. माझं घेत नाहीत.