प्रतापची गिरकी

ड्रेस्डेनमध्ये ट्राम जिथे संपते तिथून दहा मिनिटं चाललं की एक छोटा फुटबॉल क्लब लागतो. इथले लोक त्याला फेराइन म्हणतात. कपडे बदलायच्या खोल्या जरा उंचावर आणि मैदान खाली, मधे सात पायऱ्या. या सात पायऱ्यांशी प्रताप इंगवलेचं दोन वर्षं वैर होतं. सरावाची वेळ झाली की हा दारातच रेंगाळायचा. कधी बुटाची नाडी बांधायचा, कधी बंद पडलेल्या फोनवर कुणाशी तरी बोलायचा. सगळ्या पोरी खाली गेल्या की मग कठडा धरून, आडवा होऊन, खेकड्यासारखा एकेक पायरी उतरायचा. चाळिशीचा बाप्या, बायकांच्या टीमचा कोच, आणि उद्योग हे असले.

कारण उजवा गुडघा.

आता गुडघा दुखणं म्हणजे काही चोरीचा मामला नाही. पण प्रतापने तो चोरीच्या मालासारखा अकरा वर्षं लपवला होता, आणि का, ते कळायला कोल्हापूरला जावं लागेल. तिथे पेठेतला पोरगा चालायला लागला की आधी चेंडूला लाथ मारतो, मग आईकडे वळतो. प्रताप सतराव्या वर्षी तालमीच्या संघातून शाहू स्टेडियमवर उतरला. उंची बेताची, पायात फारसा वेगही नाही, पण एक गोष्ट त्याच्याकडे होती. गोलकडे पाठ करून उभा राहायचा, चेंडू पायाशी येता येता अंगावरच्या गड्याला चकवून गर्रकन वळायचा, आणि तो गडी बिचारा हवेला मिठी मारत राहायचा. लोक त्याला प्रतापची गिरकी म्हणायचे. गॅलरीतून आरोळी यायची, "मार गिरकी!" आणि हा मारायचा. त्या एका गिरकीवर त्याला गोव्यात दोन हंगामांचा करार मिळाला, मग पुण्याच्या एका क्लबात सहा वर्षं. पगार घेऊन फुटबॉल खेळणारा घराण्यातला पहिला माणूस. वडिलांनी तर करारपत्राची झेरॉक्स काढून देवघरात ठेवली होती.

एकोणतिसाव्या वर्षी, ओल्या मैदानावर, गिरकी मारताना पाय रुतून बसला आणि शरीर वळलं. आतून कट् असा आवाज आला. तो फक्त त्यालाच ऐकू गेला, हीच पंचाईत. करार संपायला चार महिने होते. आदल्याच वर्षी पाय मोडलेल्या एका गोलकीपरला क्लबने हारतुरे देऊन घरी पाठवलेलं त्याने पाहिलं होतं. "मुरगळलाय जरा," तो म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग हाडवैद्याचे लेप झाले, मोज्याखाली पट्टे झाले, गोळ्या झाल्या, करारही वाढवून मिळाला, आणि पठ्ठ्या तशा गुडघ्यावर आणखी चौदा महिने खेळला. फक्त गिरकी मारली नाही. लोक म्हणू लागले, प्रताप म्हातारा झाला. त्याने ते ऐकून घेतलं. मोडलेला म्हणवून घेण्यापेक्षा म्हातारा म्हणवून घेणं त्याला बरं वाटलं. काय बोलायचं अशा माणसाला.

पुढे त्याच्या बायकोला, निशिगंधाला, ड्रेस्डेनच्या एका कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली आणि तीन वर्षांच्या अन्वीला घेऊन हे कुटुंब इकडे आलं. प्रताप खेळाच्या सामानाच्या दुकानात बूट विकू लागला. लोकांपुढे वाकायचं, त्यांच्या पायात बूट घालून बघायचे, आणि उठताना दात-ओठ खायचे. घरात त्या दुखण्याला 'प्रतापचा वात' असं नाव पडलं होतं. डॉक्टरकडे जा म्हणून निशिगंधाचं तोंड दुखलं. हा म्हणायचा, थंडीचं आहे, उन्हाळ्यात जाईल. ड्रेस्डेनला उन्हाळे सहा आले आणि गेले.

फेराइनमध्ये तो आधी मदतनीस म्हणून गेला. बायकांच्या टीमची कोच दुसऱ्या गावी राहायला गेली आणि टीम याच्या गळ्यात पडली. आणि खरं सांगायचं तर याचा जीव तिथे भांड्यात पडला. मंगळवार, गुरुवार सराव, रविवारी सामना. या दोन वर्षांत टीम तळातून चौथ्या नंबरवर आली. बूट विकणारा प्रताप आणि मैदानावरचा प्रताप ही दोन वेगळी माणसं होती, आणि निशिगंधाला दुसरा जास्त आवडायचा.

मग क्लबच्या अध्यक्षीणबाईंनी एक दिवस शांतपणे सांगितलं. पुढच्या हंगामापासून प्रत्येक टीमच्या कोचकडे फुटबॉल संघटनेचं लायसन्स हवं. नसेल तर टीम दुसऱ्याकडे जाईल. "तुला सहज मिळेल, प्रताप, तू तर व्यावसायिक खेळाडू."

सहज! लायसन्सच्या अभ्यासक्रमाच्या फॉर्मलाच डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायचं, आटेस्ट, की उमेदवार खेळायला तंदुरुस्त आहे. डॉक्टरने छाती तपासली, रक्तदाब घेतला आणि विचारलं, काही तक्रार? प्रताप म्हणाला, काही नाही. डॉक्टरने शिक्का मारला. तिथवर निभावलं. पण परीक्षेत वीस मिनिटांचा सराव घेऊन दाखवायचा होता, विषय चिठ्ठी टाकून ठरायचा, आणि दैव बघा, प्रतापची चिठ्ठी निघाली ती 'पाठमोरं उभं राहून पहिल्याच स्पर्शात वळणे'. म्हणजे गिरकीच. कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की कोचने कौशल्य करून दाखवणं अपेक्षित आहे. बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर.

त्याने ठरवलं, दाखवू. एकदाच तर मारायची आहे. परीक्षेच्या दहा दिवस आधी, मंगळवारी, दोन गोळ्या घेऊन आणि पट्टा करकचून बांधून त्याने टीमपुढे गिरकी मारली. बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण चेहऱ्यावर सुरकुती येऊ दिली नाही. मग पोरींनी करून बघायला सुरुवात केली. युले नावाची एकोणीस वर्षांची, टीममधली सगळ्यात चपळ पोरगी वळली आणि मटकन खाली बसली. ओरडली नाही. चटकन मोजा वर ओढायला लागली. प्रतापने ते ओढणं पाहिलं. ते ओढणं त्याला चांगलं माहीत होतं. त्याने मोजा खाली केला. आत पट्टा, अगदी त्याच्यासारखाच, एकावर एक दोन वेढे.

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"आणि बोलली नाहीस?" त्याचा आवाज चढला. "असल्या गुडघ्याने खेळतेस? आयुष्याचं वाटोळं करून घ्यायचंय?"

युलेने त्याच्याकडे पाहिलं. आपल्याकडे कोचला सर म्हणतात, इथे पोरीसोरी अरे-तुरे करतात. "तू बोलतोस का?" ती म्हणाली.

कप्तान काट्रिन, दोन मुलांची आई, म्हणाली, "प्रताप, तू पायऱ्या कशा उतरतोस ते आम्हाला दोन वर्षं माहीत आहे. तुला आवडत नाही, म्हणून आम्ही पुढे निघून जातो."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर प्रताप जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त भीती. आपण लपवलं ते आपल्यापुरतं होतं असं त्याला वाटत होतं, आणि इकडे ही पोर बघून बघून तेच शिकली होती. त्याने निशिगंधाला सगळं सांगितलं. कट् आवाजापासून आटेस्टपर्यंत, पहिल्यांदाच. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं, आणि ती चिडलीच.

"अकरा वर्षं वात म्हणून तेल चोळून घेतलंस माझ्याकडून," ती म्हणाली. मग पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे ठेवून बसली. "आमच्याकडे मशीन बिघडलं की लाल दिवा लागतो. लोक येतात, दुरुस्त करतात. त्यात लाज कसली रे?"

"लाल दिवा लावला तर लायसन्स जाईल. टीम जाईल."

"जाईलही," ती म्हणाली. खोटा धीर देणं तिला कधी जमलं नाही. अन्वीने वहीतून मान वर न करता जर्मनमध्ये विचारलं की बाबाला मग खुर्चीत बसून कोच होता येणार नाही का.

युलेला दुसऱ्या दिवशी काट्रिन डॉक्टरकडे घेऊन गेली. बाकीची टीम परीक्षेला तीन गाड्या करून आली, कारण सराव घ्यायला स्वतःची टीम आणायची मुभा होती. रिमझिम पाऊस, प्लास्टिकच्या गवताचं मैदान. बूट त्यात असा पकडला जातो की गुडघ्याची खैर नाही. परीक्षक हेर फोग्ट, म्हणजे आपल्याकडचे फोग्टसाहेब, साठीचे, हातात कागद लावायची फळी आणि पेन. प्रतापच्या ट्रॅकपँटखाली पट्टा नव्हता. तो सकाळी घरीच काढून ठेवला होता, नाहीतर ऐनवेळी मोह झाला असता.

"मी हे करून दाखवणार नाही," तो म्हणाला. जर्मन वाक्य ट्राममध्ये पाठ केलं होतं, तरी जीभ अडखळली. "माझा गुडघा अकरा वर्षांपूर्वी गेला. काट्रिन दाखवेल, मी सांगेन."

हेर फोग्टांचं पेन थांबलं, मग पुन्हा चालू लागलं.

बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी वाढणाऱ्या कोचांना प्रताप आयुष्यभर हसत आला होता. आता स्वतःवर तीच पाळी आली. काट्रिन वळली आणि चेंडू मागच्या पोरीने काढून घेतला. पुन्हा वळली, पुन्हा गेला. प्रतापचा पाय शिवशिवत होता. मग त्याला प्रश्न पडला की आपला का जात नव्हता? इतकी वर्षं गिरकी पायात होती, ती शब्दांत कधी आणावी लागली नव्हती. डोळे मिटून त्याने शाहू स्टेडियमवरचा चेंडू येताना आठवला, आणि लक्षात आलं की चेंडू सुटायच्या आधीच आपली मान खांद्यावरून मागे वळलेली असायची. लोक सगळे पायाकडे बघायचे. मानेकडे कुणी बघितलंच नाही, त्याने स्वतःसुद्धा.

"काट्रिन, चेंडू यायच्या आधी तू कुठे बघत होतीस?"

"चेंडूकडे."

"आधी मागे बघ. ती कुठल्या बाजूला आहे ते बघ. मग दुसऱ्या बाजूने जा."

काट्रिनने मागे बघितलं, वळली, आणि मागची पोरगी हवेला मिठी मारत राहिली. मग एकेक करून सगळ्या वळायला लागल्या. वीस मिनिटांची शिट्टी झाली तरी थांबेनात.

नंतर खोलीत हेर फोग्टांनी फाइल उघडली. "आल्झो, तर मग," ते म्हणाले. "तुमच्या आटेस्टवर तक्रार नाही असं आहे."

"मी डॉक्टरला खोटं सांगितलं."

हेर फोग्टांनी तो कागद फाइलमधून काढून बाजूला ठेवला. "हाडांच्या डॉक्टरांकडून नवीन आणा. चौदा दिवसांत. तोवर निकाल थांबेल."

पास की नापास, असं प्रतापने विचारून बघितलं. कागद आल्यावर, एवढंच उत्तर मिळालं.

या देशात हाडांच्या डॉक्टरांची वेळ तीन महिन्यांनी मिळते. निशिगंधा रोज सकाळी फोन लावून बसली, तेव्हा कुणीतरी रद्द केलेली वेळ बाराव्या दिवशी हाती लागली. डॉक्टरीणबाईंनी गुडघा धरून हलवला, फोटो बघितले आणि विचारलं की झाल्या झाल्या का नाही आलात. तेव्हा शस्त्रक्रिया केली असती, तर वर्षभरात बहुतेक परत खेळला असतात.

प्रतापला वाटलं होतं की हे वाक्य ऐकून आपण मोडून पडू. अकरा वर्षं याच वाक्याला तो घाबरत होता. ते ऐकलं, डोळे भरून आले, आणि नवल म्हणजे छातीवरचं काहीतरी उतरलं. आता आणखी ऐकायचं काही उरलं नव्हतं. बाईंनी कागदावर लिहिलं की धावणं नको, वळणं नको, कोच म्हणून काम करायला हरकत नाही. "शिकवता तोंडाने ना?" त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी, ट्रामच्या थांब्यावर ईमेल आला. लायसन्स मंजूर. शेऱ्यात हेर फोग्टांची एकच ओळ होती की उमेदवार बघायला शिकवतो. प्रतापने ती निशिगंधाला पाठवली, देवघरासमोर वाचून दाखवा म्हणून वडिलांना पाठवली, आणि मग थांब्यावरच्या बाकावर मस्त पाय लांब करून बसला. समोरून ट्राम निघून गेली तरी बसून राहिला. इतकं हलकं त्याला करार झाला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

क्लबवर पोचला तेव्हा सगळ्या नेहमीप्रमाणे खाली उतरायला निघाल्या होत्या. "थांबा," प्रताप म्हणाला. "मी पण येतोय. मला वेळ लागतो." त्या थांबल्या. दारातून युले कुबड्या घेऊन बाहेर आली. तिच्या गुडघ्यातली गादी फाटली होती, टाके घातले होते, सहा महिने खेळ बंद. पण डॉक्टर म्हणाले होते की वेळेवर आलीस, पुढच्या वसंतात धावशील. पहिल्या पायरीशी येऊन ती अडली आणि खाली बघत राहिली.

प्रताप तिच्या शेजारी उभा राहिला. कठडा धरला आणि उजवा पाय आधी खाली टाकला.

"उतरताना दुखरा पाय आधी," तो म्हणाला. "चांगला मागून. घाई करायची नाही."

अकरा वर्षं त्याला हे पाठ होतं, पण कुणाला सांगता येत नव्हतं. दोघं शेजारी-शेजारी सातही पायऱ्या उतरले.