तिला इंग्रजी येत नाही

मुलीला इंग्लिश मीडियमला घालायचं म्हणून आम्ही नवराबायको दोघं इंग्रजी शिकलो, तेही फुकट, इंटरनेटवर. हे मी लोकांना पुष्कळदा सांगितलं आहे, आणि कौतुक करून घेत सांगितलं आहे. पुढचं सांगितलेलं नाही. आता लिहायला बसलो तर खुर्चीत बूड टेकत नाही. मघापासून उठतो, गॅलरीत जातो, खाली कुणाची गाडी लागली ते बघतो आणि परत येतो.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. इंदिरानगरात आमचा छोटा फ्लॅट होता. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. तयार माल मापात बसतो का ते बघायचं. बसला तर ओके, नाही तर रिजेक्ट. माझं इंग्रजी तेवढ्यावर चालायचं. वाचलेलं समजायचं, पण बोलायची वेळ आली की वाक्याचं पहिलं टोक तोंडात यायचं आणि क्रियापद घशातच राहायचं. बायको पेठ तालुक्यातली. आश्रमशाळेत राहून बारावी झालेली, मोकळी, मोठ्याने हसणारी. लग्नानंतर शहरात येऊन तिची भाषा बदलली होती, पण चिडली किंवा खुशीत आली की 'हाय' आणि 'नाय' परत यायचं.

तेव्हा त्या शाळांत प्रवेशाआधी मुलाखत व्हायची. नावाला मुलाची, खरी आईबापाची. सोसायटीत तेवढाच विषय असायचा. कुणाच्या तरी मुलाला घेतलं नाही, कारण म्हणे आईला धड उत्तर देता आलं नाही. ते ऐकल्यापासून माझा पाय एका जागी ठरेना. जेवताना हलायचा, टीव्ही बघताना हलायचा. बायको गुडघ्यावर हात ठेवून म्हणायची, "अहो, पोरीची परीक्षा आहे का तुमची?"

कंपनीतल्या एकाने एका वेबसाइटचा पत्ता दिला. नुसतं क्रियापद कसं वापरायचं त्याचे धडे, आणि सगळे मोफत. चौकात सायबर कॅफे होता. प्लायवूडची खोपटी, त्यांना कळकट पडदे, स्पंज निघालेले हेडफोन. धडा उघडायला इतका वेळ लागायचा की तोवर माणसाने घरी जाऊन चहा पिऊन यावं. लोडशेडिंगची वेळ सांभाळून जायचं. संगणकाच्या पडद्यावर एक बाई वाक्य म्हणायची, मग गाळलेल्या जागा यायच्या. बरोबर भरलं की हिरवी खूण, चुकलं की लाल फुली आणि 'ट्राय अगेन'. मी प्रत्येक जागा भरण्याआधी विचार करायचो. कर्ता एक की अनेक, रोजचं काम की काल झालेलं. माझ्या फुल्या कमी असायच्या. पण एक धडा संपवायला मला जन्म लागायचा.

सुट्टीच्या दिवशी मी बायकोलाही न्यायला लागलो. मुलगी तिच्या मांडीवर. ही पहिल्या दिवसापासून हेडफोन काढून ठेवायची आणि मोठ्याने बोलायची. त्या बाईने विचारलं, तुझे अंकल कुठे राहतात, की ही जोरात, "माय मामा लिव्ह पेठ! ही हॅव टू बफेलो!" शेजारच्या खोपटातली पोरं खदखदून हसायची. लाल फुली आली की ही पडद्याकडे बोट दाखवून म्हणायची, "हिला काय माहीत माझ्या मामाचं? नाय हायत का म्हशी?" मग दुरुस्त करून परत म्हणायची, परत चुकायची, परत म्हणायची. तिला चुकीची लाजच नव्हती. आम्ही घरी यायचो तेव्हा तिच्या तोंडात वाक्यं असायची आणि माझ्या डोक्यात नियम.

थोड्या दिवसांत ती न अडखळता बोलू लागली. चुका होत्या, पण बोलणं थांबत नव्हतं. भाकरी थापताना मुलीला सांगायची, आई काय करते, बाबा कुठे गेले, काल आजी आली होती, सगळं इंग्रजीत. मुलगीही तिच्यामागे म्हणायची. मी दारात उभा राहून ऐकायचो. तिच्या इंग्रजीत पेठचा हेल होता. ऐकायला वाईट नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं.

एके दिवशी कॅफेवाला माझ्याकडून पैसे घेताना म्हणाला, "दादा, वहिनी तुमच्यापेक्षा फास्ट आहेत हां. तुम्ही नुसते बघत बसता."

मी हसलो. ही पण हसली आणि म्हणाली, "त्यांना बघायचाच पगार मिळतो."

साधी थट्टा. पण पुढच्या सुट्टीला मी एकटाच गेलो. तिला म्हणालो, तिथे पोरं काय काय बघत बसतात, बाईमाणसाने येण्यासारखी जागा नाही. ती म्हणाली, "मला तर ती पोरं सरळ वाटली." मी म्हणालो, "तुला नाही कळायचं." मग मी धडा बघून यायचो आणि रात्रीची भांडी होईपर्यंत तिला थोडं थोडं सांगायचो. थोडंच. हे आज लिहिताना हात अडतो आहे, पण लिहितो: काही धडे मी तिला सांगितलेच नाहीत.

मुलाखतीचा दिवस आला. तिने ठेवणीतली साडी नेसली, मुलीच्या केसांना दोन रबर लावले. स्कूटरवर मागे बसून ती उत्तरांची उजळणी करत होती. मुलीला काय आवडतं, घरी काय काय शिकवता. मी मान न वळवता म्हणालो, "तू फार बोलू नको. मी बोलतो."

"मग मला शिकवलं कशाला?"

"विचारलं तरच बोल."

शाळेच्या पॅसेजमध्ये बाकावर सगळे आईबाप ओठ हलवत बसले होते. देवळात बसल्यासारखे. एक गृहस्थ टाय लावून आला होता आणि बायकोला दटावत होता, "हॉबी विचारली तर स्वयंपाक म्हणू नकोस." ही माझ्या कानाशी लागली, "म्हणू द्या की. चांगली असेल करत." मला घाम फुटला होता. हिला हसू येत होतं.

आत मोठ्या मॅडम होत्या. त्यांनी मुलीला रंग विचारले, तिने सांगितले. मग मला नोकरीबद्दल विचारलं. मी पाठ केलेलं उत्तर सुरू केलं आणि मधेच अडकलो. थुंकी गिळली, परत सुरू केलं. मॅडम माझ्याकडे बघून समजूतदार हसल्या. ते हसू मला सहन झालं नाही. मग त्या हिच्याकडे वळल्या आणि विचारलं, घरी मुलीबरोबर तुम्ही काय काय करता?

तिने श्वास घेतला. मी तो श्वास ऐकला. पुढे काय होणार तेही मला दिसलं: ती बोलेल, भडाभडा बोलेल, दोन-चार ठिकाणी चुकेल, मॅडम खळखळून हसतील, आणि मी त्या खुर्चीत पाठांतर अडकलेला माणूस म्हणून उरेन. तिच्या तोंडून पहिला शब्द यायच्या आत मी म्हणालो,

"शी डझ नॉट स्पीक इंग्लिश, मॅडम."

एकही अडखळ नाही. माझ्या आयुष्यात माणसासमोर न थांबता बोललेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग घेतलेला श्वास सोडला आणि हात मांडीवर ठेवले. मॅडम म्हणाल्या, काही हरकत नाही, आणि पुढचं सगळं मला विचारलं. अभ्यास कोण घेणार? मी. मुलगी खालून आईची साडी ओढत होती. रोज इंग्रजीत बोलणारी आई आज का बोलत नाही, हे तिला कळत नव्हतं.

परत येताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा ती मागून म्हणाली, "एकदम बरोबर आलं हो वाक्य."

सिग्नल सुटला तेव्हा सुटका झाल्यासारखी स्कूटर काढली.

प्रवेश मिळाला. पेढे वाटले. मी लगेच मनाशी ठरवून टाकलं की हे माझ्या त्या वाक्यामुळे झालं. ती चुकली असती तर प्रवेश गेला असता. ही समजूत मी बरीच वर्षं वापरली. ती खोटी आहे. बायको चुकेल याची मला भीती नव्हतीच.

पण एवढ्यावर संपलं असतं तर मी ते विसरलोही असतो. झालं असं की ते वाक्य तिने पाळायला घेतलं. पालकसभेला बाई तिच्याशी इंग्रजीत बोलल्या की ती मान हलवून मराठीत म्हणायची, "मला नाही कळत, तिच्या पप्पांना विचारा." मग बाई बहिऱ्याशी बोलावं तसं हळूहळू, मोठ्याने, मोडक्या मराठीत सांगायच्या. ती ऐकून घ्यायची. घरी तिने मुलीशी इंग्रजी बोलणं बंद केलं. मुलगी शाळेत जाऊन काही बोलली असती तर?

मी एकदा म्हणालो, "बोलायचं ना तू. येतं की तुला."

ती कपडे घड्या घालत होती. म्हणाली, "आणि मोठ्या मॅडमनी ऐकलं तर? तुम्ही समोर बसून सांगितलंय त्यांना. पोरीच्या शाळेत तिच्या बापाला खोटं पाडू?"

आमच्याकडे हे असंच असतं. नवरा बाहेर जे बोलला ते घराने खरं करून दाखवायचं. मी म्हणालो साखर आहे, तर डबा रिकामा असला तरी ती शेजारून आणून पाहुण्यांना चहा देणार. मी तेव्हा 'पडू दे खोटा' म्हणायला हवं होतं. मी "हं" म्हणालो. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

सोसायटीतल्या एका बाईंनी खाली दुकानाच्या गाळ्यात लहान मुलांची शाळा काढली. त्या घरी आल्या. हिला म्हणाल्या, "ताई, तुम्ही या माझ्याकडे. मुलं तुमच्या अंगाखांद्यावर खेळतात. थोडी इंग्रजी गाणी, एबीसीडी, एवढंच. येतं ना थोडंफार?" मी तिथेच पेपर वाचत होतो. हिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला ते कागदाआडून दिसलं. मी पान उलटलं.

"नाही हो," ती म्हणाली, "मला इंग्रजी येत नाही."

त्या बाई गेल्यावर मी घरभर येरझाऱ्या घातल्या. किल्ली शोधतोय असं दाखवलं. किल्ली खिशातच होती. तिने विचारलं, "चहा टाकू?"

मुलगी तिसरीत गेली. शाळेत क्रियापदांचं कोष्टक पाठ करायला दिलं होतं. मी त्या रात्री ओव्हरटाइमला होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला म्हणालो, "आईकडून घ्यायचं की काल." ती दप्तर भरता भरता म्हणाली, "आईला काय येतं? आई पेठची आहे."

हे वाक्य तिच्या तोंडी कुणी घातलं नव्हतं. तिने घरात बघून बघून स्वतःच तयार केलं होतं. बायको ओट्याशी डबा भरत होती. तिने झाकण लावलं, डबा पुसला आणि मुलीच्या हातात दिला. "पाण्याची बाटली विसरू नको," म्हणाली.

त्या दिवशी कामावर माझ्या हातून चांगला माल रिजेक्टमध्ये गेला. साहेबाने विचारलं, लक्ष कुठे आहे? मी सुट्टी टाकून दुपारीच घरी आलो. मुलगी शाळेतून आली, तिघं जेवायला बसलो आणि मी घास न घेता मुलीला सगळं सांगितलं. कॅफे, पेठचे मामा आणि त्यांच्या म्हशी, मुलाखत. आईला माझ्याआधी येत होतं, तू रंग इंग्रजीत शिकलीस ते आईकडून शिकलीस, आणि मी तिथे खोटं बोललो. बोलताना माझा आवाज चढत होता, कुणाशी भांडत असल्यासारखा.

मुलगी हसली. तिला ती गोष्ट वाटली. मग माझा चेहरा बघून थांबली. आईकडे वळली. "खरंच? आई, बोल ना. काहीतरी बोल इंग्रजीत!"

मला वाटलं होतं, ती रडेल, नाही तर हसून 'माय मामा' म्हणेल. मी सुटेन. आता कळतं, मी त्याचसाठी सांगितलं होतं.

ती माझ्यावर चिडली. "आता कशाला काढलंत हे? पोरीपुढे? इतकी वर्षं मी सांभाळलं ते काय, तुम्हाला कंटाळा आला म्हणून ताटात वाढायला?"

"अगं, तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी नाय. तुम्हाला रातची झोप लागत नाय, त्याच्यासाठी."

मुलगी घाबरून हळूच म्हणाली, "आई, एकच वाक्य."

बायकोने तिच्याकडे पाहिलं. ओठ उघडले. मी बघत होतो. ती काहीतरी शोधत होती, घरात ठेवलेली वस्तू जागेवर सापडू नये तशी. बराच वेळ शोधलं. मग मान हलवली.

"नाही गं येत आता," ती म्हणाली.

ते खरं होतं, की अजूनही माझं बोलणं खरं करून दाखवत होती, हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतर विचारायचा धीर झाला नाही. तिने मुलीच्या पानात भात वाढला, वर वरण घातलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही पण जेवा. निवलं सगळं."