चामडीतल्या बांगड्या

जिथं लोकाईले नुसतं बसून राहा लागते, तिथं किस्से आपोआप जमतात. आमचं बाक दवाखान्यातलं. बसनारे सारे पांढऱ्या डागाचे. माह्या कोपरावर आहे, कोनाच्या पायावर, कोनाच्या तोंडावर. तिथं नेट चालत नाही, मंग बोलाच लागते!

आतमंदी एक मशीन आहे. डॉक्टर मॅडम जेल लावते, कॅमेरा टेकवते, अन न कापता चामडीच्या आतल्या पेशी स्क्रीनवर! सारं ब्लॅक अँड व्हाइट. जिथं रंग शाबूत, तिथं खालच्या थरात चमकदार गोल गोल दिसतात. आमी त्याले बांगड्या म्हणतो. डागात त्या नसतात. औषधानं परत दिसल्या तं समजा, रंग येऊन राहिला. म्हणून आतून कोनी बाहेर आलं की बाकाचा एकच सवाल, "दिसल्या का?"

*

माही पहिली वेळ. वरच्या थरात पेशी अशा एकाले एक चिपकलेल्या!

"मॅडम, हे मधमाशीचं पोळं कोनाचं?"

"तुझंच."

"तरीच माय म्हणते, हे पोट्टं डसते!"

*

वानखडे काका कन्हानचे. कोयशाच्या खदानीतून रिटायर. दोन्ही हात पांढरेफट. एक दिवस बाजूले नवीन मानूस बसला, हात पाहून हळूच सरकला.

काका समोरच्या भिंतीकडं पाहत म्हणे, "जिंदगीभर घरी गेलो तं बायको म्हणे, हात धुवा, किती काळे! आता म्हणते, इतके काहून धुतले?"

सारं बाक हासलं. तो मानूस परत जवळ सरकला. काका काही हासले नाही.

*

एकदा मी मेहंदीच्या कोननं डागावर बारीक बारीक बांगड्या काढल्या. वाळवल्या, धुतल्या, रंग पक्का! मॅडमनं कॅमेरा टेकवला. एक एक थर खाली गेली.

"वरच्या माळ्यावर लायटिंग, खाली सारा अंधार! कोणत्या ब्यूटी पार्लरात गेला होतास रे?"

दारातून पाहनारे सारे हासले. आमच्याच बाकावरची भूमिका नाही हासली. बाहेर आलो तं म्हणे, "माह्याजवळ असं करू नको गा. बांगड्या आल्या म्हणून मी खरं समजीन."

मी नळावर जाऊन कोपर घासत बसलो.

*

भूमिका हुडकेश्वरची, कॉलेजात जाते. डाग ओठापासून हनुवटीपर्यंत. उन्हाळ्यात नागपूरच्या साऱ्याच पोट्ट्या स्कार्फनं तोंड बांधतात, नुसते डोळे दिसतात. पाऊस लागला की सोडतात. भूमिका सोडत नाही. बाहेर काही खात नाही, पानीही स्कार्फखालून पिते.

मॅडमनं आधीच सांगितलं होतं, "यावेळी बांगड्या दिसल्या नाही, तर हे औषध थांबवू. पुढं वाढवून फायदा नाही."

त्या दिवशी ती अन तिची माय आत गेली. दार अर्धं उघडं. सारं बाक दाराकडं वाकलं.

मॅडमनं खूप वेळ पाहिलं. कॅमेरा हनुवटीवर सरकवला, ओठाजवळ नेला, परत आणला. मंग नाही म्हणून मान हलवली.

माय म्हणे, "मॅडम, काच पुसून पाहा ना एकदा. मळली असन."

मॅडमनं खरंच काच पुसली. नवीन जेल लावलं. परत पाहिलं.

भूमिका स्क्रीनकडं पाहूनच बोलली, "काच साफच होती वं माय."

बाहेर आल्या तं कोनी "दिसल्या का?" नाही इचारलं. काका उठून उभे राहिले, काहून ते त्याईलेही माहीत नसन. माय पायरीवर बसली अन रडाले लागली. येनारे-जानारे पाहून राहिले.

भूमिकानं स्कार्फ सोडला. मायच्या तोंडाले गुंडाळला, मागं गाठ मारली, नुसते डोळे ठेवले. मंग स्कूटी काढली.

"बस. बर्डीच्या बजारात जाऊ."

"अन तू? तुह्यं तोंड?" माय स्कार्फातून बोलली.

"मले पानीपुरी खायची आहे. तोंड बांधून खाता येते का वं?"