तुरट माल आणि पिएत्रोचं तळघर

आमच्या आयरे गावातून इटलीला गेलेला पहिला माणूस बहुतेक मीच, आणि गेलो तोही भांडण मिटवायला. डोंबिवलीला रुळांच्या पूर्वेला आमचं गाव. बाप मिठागरावर राबला, मी ठाण्याला खाडीजवळच्या एका गोदामात. चौथीपर्यंत शिकलोय. लिहिण्यात चुका सापडल्या तर पोटात घाला.

गोदामात इटलीची वाइन यायची. नव्वदीनंतर मोठ्या हॉटेलांना असला माल लागायला लागला आणि आमचा शेठ तो मागवून द्यायचा. बंदरात पेट्या उन्हात राहिल्या की माल बिघडतो, म्हणून दर खेपेला एक बाटली फोडून चाखायची. हे काम माझ्याकडे आलं ते माझ्या बायकोमुळे. हिरा ताडीवाल्यांच्या घरची. ताडी पहाटेची की दुपारची, ती नुसत्या वासावर सांगायची. मलाही तिनंच शिकवलं. "लगेच गिळू नका, जरा जिभेवर बसू द्या," म्हणायची. शेठला माझ्या जिभेचं कौतुक होतं. खरी जीभ हिराची होती.

हिरा आषाढात गेली. चार दिवस ताप आला आणि गेली. तिच्या दहाव्यानंतर माझ्या तोंडाची चवच गेली. भात, मासळी, चहा, सगळं कागद चावल्यासारखं. कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर चाखायचं काम गेलं असतं, आणि तिच्याकडून आलेलं तेवढंच माझ्याजवळ उरलेलं.

अशातच एक खेप आली. बाटली फोडली, घोट घेतला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंडात काहीतरी झालं. गालफडं आवळली, हिरड्या कोरड्या पडल्या, कच्ची सुपारी चावल्यासारखं. आमच्याकडे फळ तुरट म्हणजे फळ कच्चं. मी खडूनं सगळ्या पेट्यांवर लिहिलं: तुरट. परत.

शेठच्या मुलीनं, रश्मीनं, तसं पत्र धाडलं. उत्तर आलं ते वाइन बनवणाऱ्या म्हाताऱ्याचं, पिएत्रोचं. ज्या माणसाला माझी वाइन खराब लागली त्यानं इथं येऊन माझ्या तोंडावर सांगावं, नाहीतर यापुढे तुम्हाला माल नाही.

शेठ म्हणाला, "दामू, लिहिलंस तू, जा तू. आणि जातोच आहेस तर आठ दिवस काहीतरी शिकून ये."

मी हो म्हटलं. भीती एकच होती. माल कच्चा होता, की माझं तोंड मेलेलं?

दिवाळी उरकून निघालो. बरोबर रश्मी. ती इटलीत वर्षभर वाइनचं शिक्षण घेऊन आलेली, तिकडची भाषा फडाफडा बोलायची. सुनेनं, सुनंदानं, डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी दिली. विमानात मी डबा उघडला तशी शेजारच्या गोऱ्या बाईनं रुमाल नाकाला लावला.

"काका, बंद करा तो!" रश्मी माझा हात धरून म्हणाली. "पायलट येईल आता मागे."

"एवढा वास येतो?"

"तुम्हाला नाही येत?"

मी डबा बंद केला आणि खिडकीबाहेर बघत बसलो. ढग आमच्या खाली होते. माणसानं ढगाच्या वर बसून भाकरी खावी, हेच मला पटत नव्हतं.

दुपारी उतरलो आणि गाडीनं उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात गेलो. पिएमोंते म्हणतात त्याला. बाहेर धुकं इतकं, की ड्रायव्हर तरी रस्ता कसा बघत होता देव जाणे. मग गाडी एका चढणीला लागली आणि आम्ही धुक्यातून वर निघालो. मी गाडी थांबवायला लावली. खाली सगळं पांढरं, भरतीच्या खाडीसारखं काठोकाठ भरलेलं. त्यातून टेकड्यांचे माथे बेटांसारखे वर आलेले, आणि प्रत्येक माथ्यावर द्राक्षाच्या वेली, पानं पिवळी, तांबडी. पार मागे बर्फाचे डोंगर. बर्फ मी लाकडाच्या भुशात ठेवलेला पाहिलेला, मासळीवर टाकलेला पाहिलेला. आकाशाला टेकलेला नव्हता पाहिला. मी चप्पल काढली. का काढली ते आता सांगता यायचं नाही.

रश्मी म्हणाली, "इथे धुक्याला नेब्बिया म्हणतात. ह्या द्राक्षाचं नाव नेब्बिओलो. धुक्यातलं द्राक्ष."

आम्ही मीठ पिकवतो उन्हावर, हे वाइन पिकवतात धुक्यावर. मला मोठी गंमत वाटली.

पिएत्रो दारातच उभा होता. पंचाहत्तरी उलटलेला, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, पण हात हमालाचे. रश्मीनं माझं नाव सांगितलं, दामोदर.

"पोमोदोरो?" तो म्हणाला.

रश्मी हसायला लागली. "काका, पोमोदोरो म्हणजे टोमॅटो."

मी तिला म्हटलं, "त्याला सांग, भांडायला आलेल्या माणसाला भाजी करू नको." तिनं सांगितलं. म्हातारा हसला नाही. "आधी काम करून बघ," म्हणाला, "बोलणं नंतर."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं मला कांतिनात (वाइनच्या तळघरात) घातलं. खाली उतरलो. आमच्या देवळाच्या गाभाऱ्यात असतो तसला थंडावा. दोन्ही बाजूंना बोत्ते (लाकडी पिंपं), एकेक माझ्या घराच्या खोलीएवढं. वरच्या मजल्यावर टाक्यांत यंदाची द्राक्षं साल-बियांसकट रटरटत होती, खाली चूल नाही, काही नाही. मी कान लावला. आतून बुडबुड, बुडबुड. साली वर तरंगून त्यांचा जाड थर होतो, तो दिवसातून दोनदा लांब दांड्यानं खाली ढकलायचा. मी ढकलला. ताडीही अशीच आपोआप फुगते, पण सकाळची संध्याकाळी संपते. ही वाइन पिंपात वर्षानुवर्षं बसते. पिंपातली थोडी थोडी लाकडातून उडून जाते, म्हणून दर आठवड्याला पिएत्रो वरून तेवढीच भरतो. जराही पोकळी राहू देत नाही.

"राहिली तर?" मी विचारलं.

"तर सगळी आंबते," तो म्हणाला.

घरी माझ्याही आत पोकळी होती, आणि ती भरायला कोणी येत नव्हतं. पण हे मी रश्मीला सांगायला लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी चाखायला बसवलं. आजूबाजूच्या गावचेही दोघं-तिघं होते. एकेक पेल्यातली घ्यायचे, तोंडात खळाखळा फिरवायचे आणि बादलीत थुंकायचे. मी रश्मीच्या कानात म्हटलं, "अगं, इतका खराब माल आहे तर हे लोक रोज बनवतात कशाला?"

"काका, खराब नाही. नशा चढू नये म्हणून थुंकतात. तुम्हीही थुंका."

कोणी हातानं वाढलेलं मी थुंकत नाही. प्रत्येक पेला गिळला. बावीस झाले. मग दोन पिंपांच्या मधे, भिंतीला टेकून, मी शांतपणे झोपलो. उठलो तेव्हा अंगावर कोणीतरी गोणपाट टाकलेलं. बावीस पेले पोटात गेले, पण एकाचीही चव सांगता आली नसती.

त्या दुपारी पिएत्रोच्या बायकोनं जेवायला बसवलं. मधे शेगडीवर मातीचं भांडं, त्यात तेल, लसूण आणि खारवलेले बारीक मासे विरघळवलेले, बोटाएवढे, आपल्या मांदेलीसारखे. त्यात भाज्या बुडवून खायच्या. समुद्र तर इथून कुठच्या कुठे! मी विचारलं, डोंगरात मासे कुठून? पिएत्रो म्हणाला, जुन्या काळी मिठावर कर होता, व्यापारी पिंपात मीठ भरायचे आणि वर मासे पसरायचे, म्हणून डोंगरातल्या लोकांना मासे आवडायला लागले. आमच्याकडे तसंच सांगतात, तो म्हणाला. मी मिठागरवाल्याचा पोरगा. मीठ चोरून एवढ्या उंचावर आलं, हे ऐकून मला बापाचे भेगाळलेले पाय आठवले. बाप असता तर म्हणाला असता, बघ, आपलं मीठ कुठं कुठं जातं.

"कसं झालंय?" रश्मीनं बाईंचा प्रश्न मला सांगितला.

"बुओनो," मी म्हटलं. छान. खोटं बोललो. तोंडात काही नव्हतं.

बाई वाढता वाढता पिएत्रोला टाकून बोलत होती. रश्मी मला हळूच सांगत होती: कॉलरला तेल लागलंय, चष्मा कुठे विसरलास, पाहुण्याला ब्रेड दे. पिएत्रो हूं हूं करत होता. मला त्याच्या वाइनचा हेवा वाटला नाही. त्या बोलण्याचा वाटला.

पाचव्या दिवशी पिएत्रोनं मला खाली बोलावलं. टेबलावर आमच्या खेपेचीच बाटली. पेला माझ्यापुढे सरकवला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

"आता बोल," तो म्हणाला. "काय खराब आहे?"

मी घोट घेतला. पुन्हा तेच. गालफडं आवळली, जीभ खरखरीत. बाकी काही नाही. मला खोटं फार वेळ जमत नाही.

"रश्मी, जसंच्या तसं सांग त्याला. माझी बायको गेली. तेव्हापासून मला चव लागत नाही. तुझी वाइन खराब आहे की माझं तोंड, मला ठाऊक नाही. मी लिहायला नको होतं."

रश्मी माझ्याकडे बघतच राहिली. "काका, तुम्ही कधी..."

"सांग आधी."

तिनं सांगितलं. पिएत्रो पुढे आला आणि स्वतःच्या बोटानं आपले गाल, हिरड्या दाखवत विचारलं, कुठे लागलं? मी दाखवलं: इथं, वरच्या हिरडीवर, गालाच्या आतून. त्यानं वर जाऊन टाकीतल्या द्राक्षाच्या बिया मूठभर आणल्या. चाव, म्हणाला. चावल्या. तेच, पण दहापट.

"मेलेल्या तोंडाला हे कळत नाही," तो म्हणाला. "पत्रात तुझा शब्द काय होता?"

"तुरट."

तो रश्मीकडे वळला. रश्मीचा चेहरा पडला. "काका, माल परत म्हणजे खराबच, असं मला वाटलं. मी 'खराब' लिहून मोकळी झाले."

"तू-रट," पिएत्रो म्हणाला. मग आणखी दोनदा. पहिल्यांदाच हसला. "खरं लिहिलंय ह्यानं. आत्ता तुरटच आहे ती. मीही पीत नाही. अजून आठ-दहा वर्षं लागतील."

"मग विकतो कशाला?"

"घेणाऱ्यानं ठेवावी म्हणून."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. "तेव्हा तू असशील?"

त्यानं खांदे उडवले. असलो तर पिईन, नसलो तर कोणीतरी पिईल. असं म्हणून तो आतून एक धूळ बसलेली बाटली घेऊन आला. त्याच उतारावरची, वीस वर्षांपूर्वीची. रंग विटेसारखा झालेला. त्यानं माझ्या पेल्यात ओतली आणि थांब म्हणाला. आम्ही तिघं थांबलो. किती वेळ ते सांगता येत नाही. मग मी पेला नाकाशी नेला.

आधी काही नाही. मग एकदम, खाडीच्या काठावर होडी उपडी घालून तिला डांबर लावतात ना, तो वास.

"डांबर," मी म्हणालो.

"काका!" रश्मी म्हणाली, आणि तिनं सांगितलं. पिएत्रोनं टेबलावर हात आपटला. "कात्रामे! (डांबर!) ह्या द्राक्षात तोच शोधतात सगळे, शिकून शिकून! तुला कोणी शिकवलं?"

"बायकोनं," मी म्हटलं.

अजून एक वास होता, तो मी नाही सांगितला. वाळून गेलेल्या गुलाबाच्या हाराचा. घरी हिराच्या फोटोवरचा हार मी सुनंदाला बदलू दिला नव्हता. घोट घेतला, लगेच गिळला नाही, जिभेवर बसू दिला. तुरटपणा होता, पण आता तो टोचत नव्हता. आंबट लागलं, मग किंचित गोड, मग मी डोळे पुसले. पिएत्रोनं बादली माझ्यापासून लांब सरकवली.

राहिलेले दिवस मी शाळेतल्या पोरासारखा शिकलो. कुठला उतार सूर्याकडे, कुठली माती पांढरी, कुठल्या वर्षी गारा पडल्या. निघताना पिएत्रोची बायको मला एक बाटली द्यायला लागली, तर तो तिच्यावर खेकसला. "ती नको, ती तुरट आहे!" तेवढा एक शब्द मराठीत म्हणाला, तूरट. रश्मी हसून हसून बेजार.

परत आल्यावर शेठला म्हटलं, त्या पेट्या थंड खोलीत ठेवा, हॉटेलवाल्यांना सांगा आत्ता फोडू नका. शेठ म्हणाला, "गिऱ्हाईक थांबतं का रे दामू?" मी म्हटलं, तो म्हातारा थांबतो, तर ह्यांना काय धाड भरली.

लोक विचारतात, परदेशात काय पाहिलंस. बर्फाचे डोंगर सांगतो, धुक्याची खाडी सांगतो. पण खरं पाहिलं ते हेच, की माणूस आपल्याला मिळणार नाही अशी वस्तूही इतक्या मन लावून करतो, आणि त्याबद्दल कुठे तक्रार करत नाही. मला ते अजून जमत नाही. मी तक्रार करतो.

आलो त्याच दुपारी सुनंदानं ओल्या बोंबलाचं कालवण केलं. पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं.

"मीठ विसरलीस."

ती पळी घेऊन तशीच उभी. "बाबा, काय म्हणालात?"

"मीठ नाही ह्यात. मिठागरवाल्याच्या घरात अळणी कालवण करतेस?"

"पाच महिने झाले, बाबा," ती म्हणाली. "श्रावणात एके दिवशी भाजीत दोन वेळा मीठ पडलेलं. आम्हाला तोंडात धरवेना, तुम्ही ताट साफ करून उठलात. मी मागच्या दारी जाऊन रडले." आणि ती तिथंच खाली बसली, पळी हातात, हसत होती की रडत होती, कळेना.

"रडायचं ते जेवण झाल्यावर रड," मी म्हटलं. "आधी मीठ आण."

ती आत गेली. मी कालवण पुन्हा चाखलं. कोकम मात्र बरोबर पडलेलं.