पाचवीचा कोरा कागद

सन १९५७, वैशाख महिना, धाकट्या जावेच्या बाळंतपणाचा पाचवा दिवस. ठिकाण: कापड्याजवळच्या वस्तीतलं आमचं घर. हजर: सासूबाई, माझे यजमान, मुंबईहून रजा काढून आलेला धाकटा दीर, धाकटी जाऊ, तिची मुलगी आणि मी. देव गैरहजर. घरातल्या सगळ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच दिवशी ते सावित्री नदीच्या डोहात गेले होते.

देव सोडताना मी यजमानांना विचारलं होतं, "यांच्याकडची कामं आता कुणाकडे?"

"कसली कामं?" ते म्हणाले.

पुरुषांचं हे असंच. बैठकीत ठरलं: मेलेली गुरं ओढायची नाहीत, गावकीची कामं करायची नाहीत, देवदेव बंद. टाळ्या झाल्या. ते सगळं मलाही हवंच होतं. गुरं ओढणं थांबलं आणि यजमानांची मान वर आली, हे मी रोज पाहत होते. पण पोराला ताप आला तर अंगारा लावायचा नाही, मग औषध आणायला पोलादपूरला कोण जाणार? पेरणीला नारळ नाही, तर सुरुवात कशाने करायची? हे कुणी विचारलं नाही. पाचवी तर कुणाच्या डोक्यातच आली नाही.

पाचव्या रात्री सटवी येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. तिच्यासाठी पूजा मांडून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. जावेचा पहिला मुलगा तान्हा असतानाच गेला होता. त्याच्या पाचवीला कागद ठेवायचा राहून गेला, म्हणून तो गेला, असं तिच्या मनाने घेतलेलं. आणि या खेपेला तर पूजाच नाही. सकाळपासून तिने मुलीला छातीशी आवळून धरलेलं. खाली ठेवीना, स्वतः घास घेईना. दूध आटत चाललं होतं आणि पोर रडून रडून दमली होती. मला सटवीची काळजी नव्हती, दुधाची होती.

"काहीतरी करा," मी यजमानांना म्हटलं. ते वस्तीच्या कमिटीचे चिटणीस.

"काय करायचं? पाचवी बंद. ठराव हाय तसा."

"मग तिच्या जागी काय?"

"ता मुंबईला विचाराय लागंल."

"आणि उत्तर येईतो पोरीने उपाशी राहायचं?"

दिराने मुंबईहून आणलेली छापील पुस्तिका पुढून मागून चाळली. "वयनी, ह्यात लगीन हाय, मयत हाय. पाचवी नाय."

"मधलं सगळं बायकांनी बघायचं असेल," मी म्हटलं.

शेवटी मीच ठरवलं. दिवेलागणीला सगळ्यांना जावेभोवती बसवलं आणि त्रिशरण म्हणायला लावलं. यजमान एक ओळ विसरले. दिराने ती मागाहून म्हटली, मग सगळेच अडखळले. ते निस्तरत होतो तेवढ्यात जावेची उशी सरकली आणि खालून कोरा कागद निघाला. बरोबर पेन्सिलही.

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"आई, ह्ये काय?" यजमान म्हणाले.

"कागूद हाय."

"ता दिसतंय. कुणासाठी ठेवलास?"

"सटवी येनार नाय म्हनतोस ना? मग तूच लिव. चिटनीस हायस न्हवं!"

यजमानांनी हे खरंच मनावर घेतलं. पेन्सिल माझ्या हातात दिली, अक्षर माझं बरं म्हणून. मी महाडची, चौथी शिकलेली. "लिव, मॅट्रिक व्हईल," ते म्हणाले.

"मॅट्रिक काय, दादा? मास्तरीन व्हनार म्हनून लिवा!" दीर म्हणाला.

"आरं, मॅट्रिक झाल्याबिगर मास्तरीन कशी व्हईल?"

"व्हईलच की ती! ता काय येगळं लिवाय लागतं?"

डोळेही धड न उघडणाऱ्या पोरीवरून दोघे भाऊ इरेला पेटले. चहा निवला. मी पेन्सिल धरून बसलेली. तेव्हा जाऊ बोलली, दिवसभरात पहिल्यांदाच.

"पयलं लिवा, जगू दे."

यजमानांनी घसा खाकरला. "म्हंजे, तसं मागनं हा नवसच झाला..."

ती पेन्सिल त्यांच्या डोक्यात मारावीशी वाटली.

"जगण्याचं कागदावर नको," मी जावेला म्हटलं. "ते माझ्याकडे दे. उद्या पहाटे निघते आणि पोलादपूरहून नर्सबाईंना घेऊन येते. पण आत्ता तू पेज प्यायचीस."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग अजून धुसफुसणाऱ्या त्या दोन भावांकडे. तिला हसू आलं.

"बाय, कागूद कोराच ऱ्हाऊ दे. तिचा तीच लिवील." आणि मुलगी माझ्या मांडीवर ठेवून तिने पेजेची वाटी हातात घेतली.

नर्सबाई आल्या. मुलगी जगली. ती मॅट्रिक झाली तेव्हा 'मी तवाच म्हनलेलं' असं यजमान वस्तीभर सांगत फिरले. आता ती मुंबईत नर्सिंग शिकते, त्यामुळे दीर थोडा नाराज आहे.

कागद माझ्या ट्रंकेत आहे. दर सुट्टीत ती आली की मी तो काढते. "घे बाई, काय ते लिही. माझं एक काम संपू दे."

"काकी, पुढच्या खेपेला," म्हणते आणि आईशी बोलायला पडवीत पळते.

घडीवर तो आता फाटायला आला आहे. या महिन्याच्या माझ्या यादीत ट्रंक उन्हात घालणं झालं, तूरडाळ पाखडणं झालं, छपराची कौलं परतणंही झालं. कागद राहिलाय.