राखणदार आकडा

आमच्या घरात साबणाची नवी वडी कधी सरळ न्हाणीघरात गेली नाही. आमचे हे आधी ती पालथी करणार, वेष्टनावरचे बारकोडचे काळे पट्टे न्याहाळणार आणि मग शिकवणी सुरू. एका आकड्याला सात कप्पे, त्यात दोन काळे पट्टे आणि दोन पांढरे. कुठला किती जाड, त्यावरून आकडा ठरतो. लग्नाला एकवीस वर्षं झाली, ऐकून ऐकून माझे कान किटले.

त्यातही शेवटच्या आकड्यावर ह्यांचा भारी जीव. त्याला हे राखणदार म्हणत. पहिल्या आकड्याला एकाने गुणायचं, दुसऱ्याला तिनाने, तिसऱ्याला पुन्हा एकाने, असं करत बाराही आकड्यांची बेरीज करायची. पूर्ण दशकाला जेवढे कमी पडतील तो तेरावा आकडा. "एक आकडा चुकव, मशीन ओरडलंच म्हणून समज. माणूस खोटं बोलेल, तो नाही बोलणार." मी भाजी ढवळत हूं म्हणायची.

हे दवाखान्यांना माल पुरवणाऱ्या गोदामात स्टिकर छापतात; आकडा टाकला की मशीन त्या मालाचा स्टिकर काढून देतं. शेजारच्या टेबलावर ताई, ते स्टिकर खोक्यांवर चिकटवणारी. अख्खं गोदाम तिला ताईच म्हणतं. बारा वर्षं ही दोघं शेजारी.

एकदा नळ फुटला आणि हातमोज्यांची चाळीस खोकी भिजली. पट्टे पसरले, मशीनला वाचता येईनात. खालचे आकडे मात्र दिसत होते. ह्यांनी ते बघून मशीनमध्ये हाताने टाकले, मशीन ओरडलं नाही, स्टिकर निघाले, ताईने चिकटवले. आठवड्याने इस्पितळातून बोंब आली. स्टिकर मोठ्या मापाचे आणि आत मोजे लहान मापाचे! डॉक्टरांच्या हातात चढेनात, ऑपरेशन रखडलं, चाळीसच्या चाळीस खोकी परत.

मशीन जुनं, कोणता आकडा टाकला ते लक्षात ठेवत नाही. साहेबांनी ह्यांना विचारलं. हे छातीठोकपणे म्हणाले, "मी चुकलो असतो तर मशीन ओरडलं असतं." त्याच दिवशी सकाळी मोठ्या मापाचेही स्टिकर छापले होते. म्हणजे ताईनेच टेबलावरचे ते उचलून चिकटवले असणार. झाला निकाल. ताईला घरी बसवलं. तिच्या एकटीच्या पगारावर म्हातारी आई आणि शाळेतल्या दोन मुली.

ताईचा निष्काळजीपणा मला दाखवायला हे एका खोक्याचं झाकण घरी घेऊन आले. जुनं भिजलेलं लेबल आणि शेजारी नवा स्टिकर. मी आकडे ताडून पाहिले आणि डोकंच चक्रावलं. सगळे आकडे तेच. फक्त मधे जुन्या लेबलवर लहान मापाचे सत्तावीस, नव्या स्टिकरवर मोठ्या मापाचे बहात्तर. शेवटचा राखणदारही तोच!

"अहो, दोन वेगळ्या मालांना राखणदार एकच कसा?"

"असतो कधी कधी."

"कधी कधी म्हणजे? करा बेरीज!"

ह्यांनी पेन्सिल घेतली. दोन एके दोन, सात त्रिक एकवीस, तेवीस. उलट केलं तर सात एके सात, दोन त्रिक सहा, तेरा. बरोबर दहाचा फरक. दशक बदललं, शेवटचा आकडा जागेवरच. दोन आणि आठ असते तर मशीन बोंबललं असतं. दोन आणि सात, मधे पाचाचं अंतर, राखणदाराने डोळा मिटला.

"त्या सकाळी मोठ्या मापाचे स्टिकर किती छापले होते?" मी विचारलं.

"वीस."

"आणि परत किती खोकी आली?"

वीस स्टिकर चाळीस खोक्यांना कसे पुरतील, हे एकानेही मोजलं नव्हतं. मशीन गप्प राहिलं ना, मग संपलं! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर माझ्यासमोर पेन्सिल धरून बसलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "मशीनने घेतलं म्हणजे तुमची चूक नाही. कशाला उकरून काढता?" ह्यांनी पाऊण तास गणित मांडलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ह्यांनी 'आकडा मी उलटा टाकला' असं लिहून सही केली आणि कागद टेबलावर ठेवला. तेव्हा कुठे साहेब ताईला परत कामावर बोलवायला तयार झाले.

संध्याकाळी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. ह्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, बेरजेसकट. ताईने ऐकून घेतलं.

"दादा, बारा वर्षं तुमच्या शेजारी बसले," ती म्हणाली. "तुम्ही मशीनला विचारलंत. मला एकदा विचारायचं होतं."

ह्यांनी मान खाली घातली. मीही तिच्याकडे बघू शकले नाही. तिला घरी बसवलं त्या दिवशी ह्यांना जेवायला वाढताना मीच म्हणाले होते, "सुटलात! तुमच्यावर नाही आलं."